तसबिरीवरची काळी फीत

१

मतानतच्या नाकाच्या शेंड्यावर राग असायचाच, पण थिएटरला जायच्या दिवशी तो तिथून उतरून घरभर हिंडायचा. दर वर्षी नाटकांचा हंगाम सुरू झाला, की पहिल्या रविवारी दुपारच्या खेळाला आईला घेऊन जायचं, असा त्या घरचा नेम होता. आई म्हणजे मुनव्वर खानम. वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं बाकू शहरातल्या त्या जुन्या संगीत नाट्यगृहात कोरसमध्ये उभी राहिलेली बाई. गुडघे गेल्यानं हातात काठी आली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, ऐट मात्र जशीच्या तशी होती. सकाळपासून आरशापुढे बसायची, ओठ रंगवायची, तपकिरी कोटाच्या केसाळ कॉलरवर चांदीच्या डाळिंबाची पिन लावायची आणि मग लेकीला हाक मारायची.

"बाळ, चल गं लवकर. उशीर झाला तर वाद्यवृंदवाला रागावेल."

"तो मरून वीस वर्षं झाली, आई."

"मग दुसरा असेल. तोही रागावेल. त्यांची जातच तशी."

मतानतला ते थिएटर डोळ्यांसमोर नको असे. तिचं लहानपण त्या इमारतीनं गिळलं होतं. इतर पोरांच्या आया संध्याकाळी घरात असत. हिची आई संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नात नाचत असे, आणि ते लग्नही खोटं, वऱ्हाडही खोटं. शेजारीण पुलावाचं पातेलं शेगडीवर ठेवून जायची आणि पोर एकटी जेवून एकटी झोपायची. बरं, एवढं करून थिएटरनं आईला दिलं काय? ना पदवी, ना मोठं काम, ना भिंतीवर एक तसबीर. निवृत्तीच्या दिवशी एक फुलदाणी दिली, तीही तडा गेलेली. मतानत दातांची डॉक्टर होती. दुखरा दात उपटावा आणि विषय संपवावा अशी तिची रीत. आईचा हा दात मात्र हलत नव्हता, आणि आईशिवाय तर मतानतचं कुणीच नव्हतं. नवरा मॉस्कोला गेला तो गेलाच. म्हणून ती दर वर्षी दात-ओठ खात यायची, पण यायची.

त्या रविवारी समुद्राकडून असा वारा सुटला होता की टॅक्सीचं दार उघडताना दोन्ही हात लावावे लागले. आत शिरल्यावर कोट ठेवायच्या खिडकीशी नेहमीसारखी रांग होती आणि खिडकीत नेहमीसारखी तरलान मावशी. त्या शहरात कोट घालून प्रेक्षागृहात शिरणं म्हणजे चिखलाच्या बुटांनी गालिच्यावर चढणं. तरलान मावशीनं एकदा एका मंत्र्याला दारातून माघारी धाडलं होतं. मुनव्वर खानमशी तर तिचं दर वर्षी भांडण ठरलेलं. एक म्हणायची, मला थंडी वाजते. दुसरी म्हणायची, कलाकार असशील तुझ्या घरची, कोट काढ.

मतानतनं आपला कोट दिला, पितळी बिल्ला घेतला आणि वळून पाहिलं, तर आई कोट अंगावर ठेवूनच पुढं निघालेली. ती खिडकीच्या अगदी समोरून गेली. आता तोफ सुटणार म्हणून मतानत थांबली. तरलान मावशीनं कोट मागितला नाही. तिनं नुसती मान खाली घातली.

"अल्ला तुला धीर देवो, पोरी," ती म्हणाली.

"मला कशाला धीर?"

मागून लोक रेटत होते. आईचे गुडघे पाहून म्हणाली असेल, असं मतानतनं स्वतःला समजावलं. म्हातारी बाई, म्हाताऱ्या बाईची कीव आली असेल.

२

दर्शनी दालनात एका भिंतीवर मोठमोठ्या कलावंतांच्या तसबिरी होत्या. आई दर वर्षी त्यांच्यापुढून हळूहळू जायची आणि प्रत्येकाबद्दल एकेक कुचकट गोष्ट सांगायची: हा बेसूर होता, ही दुसऱ्यांची पावडर चोरायची. ती ऐकायला मतानतला आवडायचं, पण ते ती कबूल करत नसे.

आज भिंतीपुढे एक तिकाटणं उभं होतं आणि त्यावर एक मोठी तसबीर. तसबिरीच्या कोपऱ्यातून तिरकी काळी फीत गेली होती. खाली लाल कार्नेशनची फुलं पडली होती.

तसबीर मुनव्वर खानमची होती.

तरुणपणची, डोक्यावर वऱ्हाडणीची झिरमिळ्यांची टोपी, ओठ किंचित उघडे. हा फोटो मतानतनं कधी पाहिला नव्हता. घरातल्या पेटीतला एकूण एक फोटो तिला पाठ होता, हा त्यातला नव्हता.

"अगं बाई," आई म्हणाली. तिनं चांगला डोळा जवळ नेला. "हा कधी काढला असेल? छान आलाय गं. मान बघ कशी आहे माझी."

मतानतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पुढं होऊन ती फीत ओढली. फीत मागून सुईदोऱ्यानं शिवलेली होती. ओढताना तसबीरच खाली आली आणि काचेचा आवाज दालनभर झाला. लोक वळले. काळे कपडे बरेच जण घालून आले होते, हे मतानतला तेव्हा दिसलं.

"कुणी केलं हे?" ती ओरडली. "लाज नाही वाटत? ही काय माझ्या शेजारी उभी आहे! जित्या माणसाला फीत लावता?"

एका गृहस्थानं टोपी काढली. एक बाई आपल्या नवऱ्याला हळूच म्हणाली, "मुलगी असेल." नवरा म्हणाला, "एकुलती एक." मग दोघंही अदबीनं बाजूला झाली, पाहुण्याला वाट द्यावी तशी.

तिच्याच नावाची दुसरी कुणीतरी असेल, मतानतनं विचार केला. नाव तेच, बाई दुसरी. कुण्या गाढवानं पेटीतून चुकीचा फोटो काढला. सरकारी कचेऱ्यांत जिवंत माणसं रोज मरतात. फोनवर कुणीतरी अर्धवट ऐकलं असेल. असं होतं. ती आईचा दंड धरून व्यवस्थापकाच्या खोलीकडे निघाली. आई मागं वळून तसबिरीकडे पाहत होती.

"उगाच पाडलीस. काच फुटली," आई म्हणाली. तिचा आवाज नाराज होता.

३

व्यवस्थापक आगासलीम, ज्याला सगळे आदरानं मुअल्लिम म्हणजे गुरुजी म्हणत, हा लठ्ठ, मऊ हातांचा माणूस. मतानत दार न ठोकता आत घुसली तरी तो रागावला नाही. उभा राहिला, दोघींसाठी खुर्च्या ओढल्या, चहा सांगितला. त्यानं दोन खुर्च्या ओढल्या, एवढ्यावरच मतानतला हायसं वाटलं. म्हणजे याला तरी दिसतंय.

मग तिनं तोंडाचा पट्टा सोडला. चाळीस वर्षांचं साचलेलं होतं ते सगळं आलं. "तुमच्या हिरड्या सडल्यात हे मला इथूनही दिसतंय, मुअल्लिम, पण मेंदूही सडला असेल असं वाटलं नव्हतं. आधी विचारायचं नाही? एक फोन करायचा नाही? एक्याऐंशी वर्षांच्या बाईला स्वतःची काळी फीत दाखवता? तिचं हृदय बंद पडलं असतं म्हणजे?"

आगासलीम मुअल्लिम ऐकत होता. मधूनमधून मान हलवत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खोटं नव्हतं.

"बोला, खानम," तो म्हणाला. "मोकळं करा मन. माझी आई गेली तेव्हा मी डॉक्टरच्या कानाखाली मारली होती. या दिवशी माणूस जे बोलेल ते माफ असतं."

"कुणी गेलेलं नाही!"

"पूर्वी हा मान फक्त पदवीवाल्यांना होता, हे मला ठाऊक आहे. मोठे कलावंत तेवढे रंगमंचावर आणायचे, लोकांनी दर्शन घ्यायचं, आणि दर्शनी दारानं टाळ्यांच्या गजरात न्यायचं. कोरसवाल्यांच्या घरी नुसती फुलं जायची. अन्याय होता तो. आता नवे संचालक म्हणतात, ज्यानं आपलं आयुष्य दिलं या घराला, त्याला या घरानं निरोप द्यायचा. मुनव्वर खानम पहिल्या." तो जरासा हसला. "सगळ्या तिकिटांचे पैसे परत केले आम्ही. आज खेळ नाही. आज फक्त त्या."

"मुअल्लिम, इकडे बघा." मतानतनं बोटानं दाखवलं. "ही कोण बसलीय? या खुर्चीत?"

त्यानं खुर्चीकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग छातीवर हात ठेवून मान लववली.

"त्या इथंच आहेत," तो म्हणाला. "त्या कुठं जाणार?"

चहा आला. चिंचोळ्या कमरेचे काचेचे पेले, शेजारी साखर, आणि एका बशीत हलवा. पिठाचा, केशर घातलेला, वर चमच्यानं नक्षी केलेला. हा हलवा त्या लोकांत लग्नाला करत नाहीत, वाढदिवसाला करत नाहीत. मतानत बशीकडे बघत राहिली. आईनं हात पुढं केला, एक घास घेतला, डोळे मिटले.

"लोणी चांगलं घातलंय," आई म्हणाली.

मतानतनं बशी हातानं उडवली. ती भिंतीवर आपटली. आगासलीम मुअल्लिम उठून तुकडे वेचू लागला, आणि वेचता वेचता म्हणाला, "काही हरकत नाही, काही हरकत नाही." पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसा तिचा राग त्या खोलीतून वाहून गेला.

तिनं आईचं मनगट धरलं आणि दोन बोटं नाडीवर ठेवली. नाडी होती. गरम, जराशी चुकतमाकत, गेल्या दोन वर्षांपासून चुकते तशीच. मतानतनं श्वास सोडला. हे खरं. बाकी सगळं या लोकांचं नाटक. यांना नाटकाशिवाय दुसरं येतं काय?

पण बोटं काढल्यावर तिच्या मनात एक क्षुद्र प्रश्न आला. सकाळी आईनं चहा घेतला होता ना? पेला आपण विसळला होता. रिकामा होता की भरलेला, ते आठवेना.

४

बाहेरच्या बोळात झेम्फिरा भेटली. कोरसमध्ये आईच्या मागं उभी राहणारी, आईची जन्माची मैत्रीण आणि जन्माची भांडखोर. तीही काळ्या कपड्यांत. हातात फुलांचा गुच्छ. तिनं मतानतला कवेत घेतलं आणि मोठ्यानं रडू लागली.

"तू तरी सलामत राहा गं पोरी. मला टाकून गेली ती. कायम माझ्या पुढंच उभी राहायची, मरणातही पुढंच गेली."

"झेम्फिरा मावशी, शुद्धीवर या. ही काय, इथं उभी आहे!"

"झेम्फिरा," आई म्हणाली, "किती म्हातारी झालीस गं. आणि हे काय घातलंयस? काळ्यात तू कावळ्यासारखी दिसतेस, हे मी तुला सत्तर वेळा सांगितलंय."

झेम्फिराचं रडं थांबलं. तिचं तोंड मतानतच्या मानेत होतं. तिथूनच ती कुजबुजली, "बघ, अजून माझ्या कानात तिचाच आवाज येतो. अगदी इथं, शेजारून आल्यासारखा."

तिनं गुच्छ पुढं केला. मतानतनं घेतला नाही, तर आईनं घेतला. आईला फुलं फार प्रिय. कोरसवाल्यांना फुलं मिळत नसत. मिळायची ती पुढच्यांना, आणि ही मागून पाहायची. आता तिनं ती गालाला लावली.

मतानतनं फुलं मोजली. जिवंत माणसाला त्या शहरात कुणीही सम संख्येनं फुलं देत नाही. सम फुलं कबरीवर ठेवतात. ही सम होती. तिनं एक फूल ओढून काढलं आणि जमिनीवर टाकलं. झेम्फिरा बघत राहिली. पुढून एक म्हातारा आला, त्यानंही आईच्या हातात फुलं ठेवली, न बघता, एखाद्या चौथऱ्यावर ठेवावीत तशी. मतानतनं त्यातलंही एक उपटलं. मग एक तरुण बाई आली. मग आणखी कुणी. मतानत उपटत गेली, देठं तिच्या बोटांत मोडत गेली, पायाखाली लाल चिखल झाला. आणि दर वेळी पुन्हा मोजलं की आईच्या कवेतली फुलं समच भरत. चुकतंय माझंच, तिला वाटलं. रागात आकडे चुकतात.

"पुरे गं," आई म्हणाली. "माझी फुलं आहेत ती."

आणि ती बोळाच्या टोकाला, प्रेक्षागृहाच्या दाराकडे चालू लागली. काठी ती व्यवस्थापकाच्या खोलीतच विसरली होती. काठीवाचून ती तीन वर्षांत न्हाणीघरापर्यंतही गेली नव्हती.

५

प्रेक्षागृह भरलं होतं.

गेली काही वर्षं त्या दोघी अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसत. पेन्शनवाली म्हातारी माणसं, कुणाची कंटाळलेली नातवंडं, आणि वरचे सज्जे तर कुलूप लावलेले. आज सज्जेही भरले होते. लोक भिंतींना टेकून उभे होते. कुणी खोकत नव्हतं. वाद्यवृंदाच्या खड्ड्यातून एक तार हळूच सूर लावत होती आणि मध्येच थांबत होती, परत लावत होती.

आई दारात उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते पाहून मतानतनं तिचा हात धरला. भीती नव्हती ती. लहान पोराला सणाला नवे कपडे दाखवावेत, तसं काहीतरी होतं.

"सगळं घर भरलंय," आई म्हणाली. "वरचे सुद्धा, बघ ना."

"आई, घरी चल. आत्ताच्या आत्ता."

आईनं हात सोडवला. ती मधल्या वाटेनं गेली, आणि दोन्ही बाजूंचे लोक उभे राहत गेले. रंगमंचाच्या पायऱ्या ती चढली. वर पडद्याच्या पुढं एक बुटकी चौरंगासारखी बैठक ठेवली होती, तिच्यावर जुना गालिचा अंथरलेला. बैठकीशेजारी जाऊन ती उभी राहिली, आणि लोकांकडे तोंड करून, हनुवटी उचलून, कोरसच्या मुली उभ्या राहतात तशी एक पाय जरा मागं घेऊन थांबली. पण ती मध्यभागी होती. जन्मात कधी नव्हती, तिथं होती.

मतानत पळत वर गेली. रंगमंचाचं लाकूड तिच्या बुटांखाली धडधडलं.

"ही जिवंत आहे!" ती त्या गर्दीवर ओरडली. "डोळे फुटलेत का तुमचे? उभी आहे, श्वास घेतेय, हलवा खातेय! कुठल्या मातीचे आहात तुम्ही? जिवंत होती तेव्हा एकानं तरी विचारलं का, मुनव्वर, घरी पोर एकटी आहे, आज लवकर जा? आज आलात होय फुलं घेऊन!"

पहिल्या रांगेतल्या बायका हुंदके देऊ लागल्या. कुणीतरी म्हणालं, "किती माया होती बघा." दुसरं म्हणालं, "पाणी द्या तिला, पाणी." तिची शिवी न् शिवी तिथं विलाप होऊन पडत होती.

"गप्प बस!" हे आई म्हणाली. दबक्या आवाजात, ओठ न हलवता, रंगमंचावरच्या लोकांना जमतं तसं. "चाळीस वर्षं मी तिसऱ्या रांगेत उभी राहिले. माझं तोंड पुढच्या बाईच्या टोपीमागं असायचं. आज ही माणसं माझ्यासाठी आलीत, आणि तू माझी लाज काढतेस?"

"आणि माझं काय? चाळीस वर्षं तू यांची होतीस! आता थोडी माझी आहेस, ती सुद्धा यांना देऊ?"

आई लोकांकडेच पाहत राहिली. मतानतनं तिचा हात धरून तिला ओढलं, आणि ओढताना तिची नजर त्या गालिचा घातलेल्या बैठकीवरून गेली.

तिथं तपकिरी काहीतरी होतं. केसाळ कॉलर. कॉलरवर चांदीचा एक ठिपका, आणि त्याच्या वर, उशीवर, रंगवलेले ओठ.

हे सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून, पापणी लवते तेवढ्या वेळात. मतानतनं दुसऱ्यांदा तिकडे पाहिलं नाही. पुढं कधीही कुणी विचारलं तरी ती एवढंच सांगणार होती, की दिवे डोळ्यांवर येत होते. तिच्या मुठीतला हात गरम होता. तिनं तो घट्ट धरला आणि चालू लागली.

६

ती आईला घेऊन पडद्यामागं गेली, दोरखंडांच्या आणि रंगवलेल्या झाडांच्या मधून, कलाकारांच्या मागच्या दाराकडे. लहानपणी ती याच दारापाशी वाट पाहत उभी राहायची. वाट तिला डोळे मिटूनही सापडली असती. मागं कुणी धावत आलं नाही. कुणी अडवलं नाही. त्यामुळे तिला जास्तच राग आला, कारण अडवलं असतं तर थोबाडीत तरी मारता आली असती.

मागच्या दाराशी पहारेकरी बसला होता. तिला पाहून उठला, टोपी काढली, कडी काढून दार उघडलं. बाहेर वाऱ्यात कागद उडत होते. गल्ली रिकामी होती. मतानतनं पाऊल बाहेर टाकलं आणि हाताला हिसका बसला. आई उंबऱ्याच्या आत थांबली होती.

"या दारानं नाही," आई म्हणाली.

"आई, पाया पडते तुझ्या."

"चाळीस वर्षं याच दारानं आले आणि याच दारानं गेले. पावसात, बर्फात, पाठीत कळा येत असताना. पुढचे लोक पुढच्या दारानं जायचे. आज मी पुढच्या दारानं जाणार."

"पुढच्या दारानं गेलीस तर..." मतानतला वाक्य पुरं करता येईना. आगासलीम मुअल्लिम सगळं सांगून चुकला होता. रंगमंच, दर्शन, मग दर्शनी दार, मग टाळ्या. टाळ्या झाल्या की निरोप झाला. टाळ्यांनंतर कुणी परत येत नाही.

तिनं आईला उचलायचा प्रयत्न केला. आई कृश होती, चिमणीएवढी. गेल्या आठवड्यात मतानतनं तिला अंघोळीच्या टबातून एका हातानं उचललं होतं. आज ती जागची हलली नाही. पहारेकरी खाली मान घालून उभा होता. तो पुटपुटला, "मोठ्या माणसांचं ओझं मोठं असतं, खानम. चार जण लागतात."

मतानतनं त्याला अशी शिवी दिली, की ती तिनं दवाखान्यात सुद्धा कधी वापरली नव्हती. त्यानं "आमीन" म्हटलं.

७

शेवटी आईच्या मागोमाग येऊन दर्शनी दालनात, मोठ्या दरवाजाच्या आतल्या बाजूला, मतानत फरशीवर बसली. आईचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि छातीशी दाबला होता. आता मी इथून हलत नाही, ती म्हणाली. बघू काय करता.

दरवाजे सताड उघडले होते. बाहेर पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना लोक उभे राहिले होते, पायऱ्यांपासून थेट रस्त्यापर्यंत. झेम्फिरा होती. आगासलीम मुअल्लिम होता. तरलान मावशी खिडकी सोडून आली होती. सगळ्यांनी हात छातीपर्यंत उचलले होते, तळवे एकमेकांसमोर, मध्ये थोडीशी फट. कुणी वाजवत नव्हतं. वारा त्यांचे कोट ओढत होता, बायकांचे रुमाल उडत होते, आणि ते हात तसेच. कुणाच्याही तोंडावर घाई नव्हती. ते वाट पाहत होते, आणि वाट पाहण्याची त्यांना सवय आहे असं दिसत होतं.

ऊन भिंतीवर सरकत वर गेलं.

"बाळ," आई म्हणाली. "ती माणसं थंडीत उभी आहेत."

"राहू देत. गोठून मरू देत."

"प्रेक्षकांना असं ताटकळत ठेवू नये."

"मला ठेवलंस ना? मागच्या दाराशी? कितीदा तरी? मी पण थंडीत उभी असायचे, आई. माझ्यासाठी कधी लवकर आलीस?"

आई वाकली. तिचे गुडघे वाजले नाहीत. तिनं रंगवलेले ओठ लेकीच्या केसांवर टेकवले.

"नाही आले," ती म्हणाली. "चुकलंच माझं. पण तू तरी काय गं? दर वर्षी माझ्या शेजारी बसायचीस आणि हाताची घडी घालायचीस. सगळं घर टाळ्या वाजवायचं, तू नाही. मी गायचे तेव्हाही तसंच. मला वरून दिसायचं. दुसऱ्या रांगेत एक पोरगी, आणि तिच्या हातांची घडी."

मतानतला रडू फुटलं. रागाचं रडू होतं ते, दातांवर दात दाबून आलेलं. "नाही वाजवणार," ती म्हणाली. "तू माझी आई आहेस. मी नाही तुला यांच्या स्वाधीन करणार. मेले तरी नाही सोडणार."

"बरं," आई म्हणाली. "नको सोडूस."

आणि ती सरळ उभी राहिली, कॉलर नीट केली, हनुवटी उचलली. मतानतनं पकड आणखी आवळली. हात गरम होता, ओळखीचा होता, मधल्या बोटाचं वाकडं पेर तिला लागत होतं. तिनं डोळे घट्ट मिटले.

बाहेर कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग पायऱ्या, रस्ता, मागचं अख्खं प्रेक्षागृह, वरचे सज्जे, सगळीकडून एकदम आवाज उठला, असा की काचा थरथरल्या. कोरसमधल्या कुठल्याही बाईला कधी मिळाला नव्हता, तसा.

"थांबा!" मतानत ओरडली. "बंद करा! मी सोडलेली नाही तिला! बंद करा म्हणते ना!"

आवाज थांबेना. एक टाळी तर अगदी जवळून येत होती, तिच्याच छातीपाशी, जोरात, न चुकता. कोण हा निर्लज्ज, म्हणून तिनं डोळे उघडले आणि खाली पाहिलं. तिचेच दोन्ही तळवे एकमेकांवर आपटत होते, आणि त्यांच्यामध्ये आईचा हात नव्हता.